बूथमागे ३८ माणसं

२०१४ साली भाजपच्या डॉ. हीना गावित यांना नंदुरबार लोकसभा मतदारसंघात ५,७९,४८६ मतं पडली आणि त्या १,०६,९०५ मतांनी निवडून आल्या. २०२४ साली त्याच मतदारसंघात त्यांना ५,८६,८७८ मतं पडली. दहा वर्षांपूर्वीच्या विजयापेक्षा ७,३९२ मतं जास्त. आणि त्या १,५९,१२० मतांनी पडल्या.

हे आकडे पहिल्यांदा एकमेकांशेजारी लिहिले की छपाईची चूक वाटते. ज्या मतांवर दिल्ली गाठता आली, त्याहून जास्त मतं मिळूनही दीड लाखाने हार कशी होते? याचं उत्तर शोधताना आपण निवडणुकीच्या आकड्यांकडे किती वरवर बघतो ते लक्षात येतं. निकालाच्या दिवशी टीव्हीवर ‘एक लाख एकोणसाठ हजार’ असं झळकतं, आपण मान डोलावतो आणि पुढच्या मतदारसंघाकडे जातो. त्या आकड्यात किती माणसं उभी आहेत याचा अंदाज आपल्याला नसतो. मला तो नंदुरबारपुरता तरी घ्यावासा वाटला, कारण मोठ्या संख्या नीट समजून घेण्यासाठी याहून चांगला मतदारसंघ महाराष्ट्रात नाही, असं माझं मत आहे.

आधी मोजमाप ठरवू. एका मतदाराचं नाव उच्चारायला एक सेकंद लागतो असं धरा. न थांबता, न झोपता, रात्रंदिवस. २०२४ च्या निवडणुकीत नंदुरबारच्या मतदार यादीत १९,७०,३२७ नावं होती: ९,९२,९७१ पुरुष, ९,७७,३२९ स्त्रिया आणि २७ तृतीयपंथी. ही यादी वाचायला जवळपास २३ दिवस लागतील. ज्यांनी प्रत्यक्ष मतदान केलं त्यांची टक्केवारी ७०.६८, म्हणजे सुमारे १३ लाख ९२ हजार माणसं. ती नावं संपायला १६ दिवस. विजयी उमेदवार, काँग्रेसचे गोवाल पाडवी यांचं मताधिक्य मोजायला एक दिवस, २० तास आणि १२ मिनिटं. त्याच निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपेक्षा ४८ मतांनी पुढे राहिले. ते मोजायला ४८ सेकंद, एक मिनिटही नाही. दोघेही खासदार झाले आणि लोकसभेत दोघांच्या मताचं वजन सारखंच.

आता देशाची यादी घ्या. २०२४ साली भारतात ९७.९७ कोटी नोंदणीकृत मतदार होते. सेकंदाला एक नाव या गतीने ती यादी वाचायला ३१ वर्षं लागतात. आज जन्मलेल्या मुलाच्या कानावर पहिलं नाव पडलं, तर शेवटचं नाव ऐकताना ते स्वतः लोकसभेची उमेदवारी भरण्याच्या वयाला, म्हणजे २५ ला, ओलांडून सहा वर्षं झालेली असतील. प्रत्यक्ष पडलेली मतं ६४.६४ कोटी, त्यांना साडेवीस वर्षं. हे सगळं सात टप्प्यांत, १९ एप्रिल ते १ जून या ४४ दिवसांत, साडेदहा लाखांच्या आसपास मतदान केंद्रांवर आणि दीड कोटी कर्मचाऱ्यांच्या हातून पार पडलं. जगात दुसरीकडे कुठेही इतक्या मोठ्या प्रमाणावर निवडणूक होत नाही.

पण कोटी हा आकडा मनात ठरत नाही. म्हणून नंदुरबारला परत येऊ.

लोकसभेच्या यादीत महाराष्ट्राच्या ४८ मतदारसंघांची सुरुवात नंदुरबारपासून होते. हा क्रमांक १. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या राज्यातल्या चार जागांपैकी ही एक. दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर या बाकीच्या तीन. मतदारसंघ जिल्ह्यापेक्षा मोठा आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, पण लोकसभेसाठी अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर या चार विधानसभा मतदारसंघांबरोबर धुळे जिल्ह्यातले साक्री आणि शिरपूरही इथेच मोजले जातात. सहाही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे नर्मदा, मधून वाहणारी तापी, पश्चिमेला गुजरात, उत्तरेला मध्य प्रदेश. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातमध्ये आहे, फलाटावरच्या बाकाच्या मधून राज्याची सीमारेषा जाते. भिली, पावरी, मावची, कोकणी, अहिराणी, गुजर अशा किती तरी बोली बोलणाऱ्या माणसांचा हा मतदारसंघ आहे. प्रचाराचं एकच भाषण घेऊन इथे सगळीकडे फिरता येत नाही.

विधानसभेच्या यादीतही क्रमांक १ इथलाच, अक्कलकुवा. आणि अक्कलकुव्यातलं मतदान केंद्र क्रमांक १ म्हणजे मणिबेली. राज्याची मतदानाची मोजणी कागदावर जिथून सुरू होते ते हे गाव नर्मदेच्या काठावर, सरदार सरोवराच्या फुगवट्याला लागून आहे. या धरणामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, ती सगळी याच जिल्ह्यातली, आणि पाण्याचा पहिला फटका बसलेल्या गावांमध्ये मणिबेली होतं. १९९४ मध्ये जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं अशी मागणी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी आणि आघाड्यांनी केली. त्या जाहीरनाम्याला नाव दिलं गेलं मणिबेलीचं. आजही या काठावरच्या काही केंद्रांवर मतदानयंत्रं आणि मतदान पथकं बोटीने नेली जातात. थोडक्या मतदारांसाठी केंद्राध्यक्ष, मतदान अधिकारी, पोलीस आणि पेट्या पाण्यातून जातात, दिवसभर बसतात आणि परत येतात. निवडणूक आयोगाच्या कामाबद्दल तक्रारी असतील, असाव्यातही. पण हे काम दर पाच वर्षांनी होतं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पहिल्या क्रमांकाचा मान इथे आणखी एकदा आला होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तिथे आले होते. नंतर शंभर कोटींहून अधिक भारतीयांना जो बारा आकडी क्रमांक मिळाला, त्याची सुरुवात टेंभलीत झाली. मात्र विकासाच्या याद्यांमध्ये नंदुरबारचं नाव शोधायला खालून सुरुवात करावी लागते. राज्याच्या मानव विकास निर्देशांकात हा जिल्हा तळाशी राहिला आहे. २०१५-१६ च्या पाहणीवर आधारलेल्या नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात जिल्ह्यातली निम्म्याहून अधिक माणसं गरीब ठरली, राज्यातलं सर्वांत मोठं प्रमाण. २०११ च्या जनगणनेत साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास. लोकसंख्या १६,४८,२९५ आणि त्यातले ६९ टक्के आदिवासी.

आणि तरी ७०.६८ टक्के मतदान.

हा आकडा किती मोठा आहे ते कळायला पुणे शेजारी ठेवू. नंदुरबार आणि पुणे या दोन्ही ठिकाणी मतदान एकाच दिवशी झालं, १३ मे २०२४ ला, सकाळी ७ ते संध्याकाळी ६. पुण्याच्या यादीत २०,६१,२७६ मतदार होते, नंदुरबारपेक्षा सुमारे ९१ हजार जास्त. मतदान केंद्रंही दोन्हीकडे जवळपास सारखी: नंदुरबारला २,११५, पुण्याला २,०१८. पुण्यात मतदान झालं ५३.५४ टक्के. म्हणजे यादी लहान असूनही नंदुरबारमध्ये पुण्यापेक्षा पावणेतीन लाखांहून अधिक माणसांनी जास्त मतदान केलं. पुढच्या टप्प्यात दक्षिण मुंबईत ५०.०६ टक्के झालं. सातपुड्यातल्या पाड्यावरून डोंगर उतरून येणारा मतदार आणि लिफ्टने खाली उतरून समोरच्या शाळेत जायचं असलेला मतदार यांच्यातला हा २० टक्क्यांचा फरक आहे. शहरातल्या मतदाराला नावं ठेवण्यात मला रस नाही. याद्यांमधले घोळ, स्थलांतर, दोन-दोन ठिकाणची नावं ही कारणं खरी आहेत. पण स्थलांतर नंदुरबारलाही आहे. ऊसतोडीला आणि मजुरीला इथली कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातमध्ये जातात, महिनोन्महिने बाहेर राहतात. त्यांच्यातले लोक परत येऊन मतदान करतात, हे टक्केवारीच्या एका दशांशामागे लपून राहतं.

दुसरं एक गणित करून बघा. १३ लाख ९२ हजार मतं भागिले २,११५ केंद्रं, म्हणजे केंद्रामागे सरासरी ६५८ मतं. मतदानाची वेळ ११ तास, म्हणजे ६६० मिनिटं. नंदुरबारच्या प्रत्येक मतदान केंद्रावर, दिवसभर, सरासरी मिनिटाला एक मत पडत होतं. नाव शोधायचं, ओळखपत्र बघायचं, बोटाला शाई लावायची, सही किंवा अंगठा घ्यायचा, यंत्र खुलं करायचं, आणि आत गेलेल्या माणसाने बटण दाबायचं. दर मिनिटाला एक, अकरा तास, मे महिन्यातल्या खानदेशात, जेवायला उठायची सवड न मिळता. मतदारसंघाचा एकत्र विचार केला तर सेकंदाला ३५ मतं. व्हीव्हीपॅटवर चिठ्ठी सात सेकंद दिसते. नंदुरबारच्या मतदारांनी त्या दिवशी त्या काचेकडे बघण्यात घालवलेले सगळे सात-सात सेकंद जोडले तर ११२ दिवसांहून अधिक वेळ होतो. आपलं मत बरोबर पडलंय ना, एवढंच बघण्यासाठी एका मतदारसंघाने दिलेला हा वेळ आहे. केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी असं साधं पथक धरलं तरी ८,४६० कर्मचारी; राखीव पथकं, पोलीस, झोनल अधिकारी, वाहनचालक वेगळे.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. जास्त मतं मिळूनही हार कशी?

त्यासाठी २००९ चा निकाल बघायला हवा. काँग्रेसचे माणिकराव गावित २,७५,९३६ मतं घेऊन जिंकले. समाजवादी पक्षाचे शरद गावित २,३५,०९३ मतांवर, भाजपचे सुहास नटावदकर १,९५,९८७ मतांवर. तिरंगी लढत. त्या वर्षी पावणेतीन लाख मतं दिल्लीला जायला पुरली. पंधरा वर्षांनी त्याच्या दुपटीहून अधिक मतं मिळवणारा उमेदवार घरी बसला. मधल्या काळात तीन गोष्टी झाल्या. मतदार वाढले. मतदानाला बाहेर पडणारे त्याहून वाढले: २०१४ ला ६६.७७ टक्के, २०१९ ला ६८.३३, २०२४ ला ७०.६८. आणि लढत दोघांतच आटोपू लागली. २०२४ मध्ये रिंगणात ११ उमेदवार होते, पण पहिल्या दोघांच्या मतांची बेरीज १३,३२,८७६. शंभरातली ९५ हून अधिक मतं या दोघांनीच घेतली. उरलेले नऊ उमेदवार आणि नोटा मिळून साठेक हजार. तिरंगी लढतीत एक तृतीयांशाच्या थोडं पुढे गेलं की भागतं. दुरंगी लढतीत मात्र अर्ध्याची रेषा ओलांडावीच लागते, आणि ती रेषा दर निवडणुकीत वर सरकते. हीना गावितांची मतं जवळपास जागच्या जागी राहिली, रेषा मात्र पुढे गेली.

माणिकराव गावितांचं नाव घेतल्यावर थोडं थांबायला हवं. ते पहिल्यांदा १९८१ च्या पोटनिवडणुकीत निवडून आले. त्यानंतर १९८४, १९८९, १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४ आणि २००९. सलग नऊ विजय, सातव्या लोकसभेपासून पंधराव्यापर्यंत. त्यांच्या खासदारकीच्या काळात देशाने नऊ पंतप्रधान पाहिले: इंदिरा गांधी, राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंह, चंद्रशेखर, नरसिंह राव, वाजपेयी, देवेगौडा, गुजराल आणि मनमोहन सिंग. देशात सर्वाधिक वेळा लोकसभेवर निवडून जाण्याचा विक्रम इंद्रजित गुप्तांचा, ११ वेळा. त्यापासून माणिकराव दोनच पावलं मागे राहिले. २००९ मध्ये नव्या लोकसभेतल्या सदस्यांना शपथ देण्यासाठी हंगामी अध्यक्ष म्हणून तेच बसले होते. त्यांच्या आधीही मतदारसंघ काँग्रेसचाच होता. १९६७ आणि १९७१ मध्ये तुकाराम गावित, १९७७ आणि १९८० मध्ये सुरूपसिंग नाईक. आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी २० च जागा काँग्रेसकडे राहिल्या, त्यात नंदुरबार होतं. १९६७ पासून २००९ पर्यंत १२ सार्वत्रिक निवडणुका, एकही हार नाही.

मग १६ मे २०१४ चा दिवस आला. ७९ वर्षांचे माणिकराव २६ वर्षांच्या डॉक्टर मुलीकडून हरले. हीना गावितांचा जन्म १९८७ चा. त्या जन्माला आल्या तेव्हा माणिकरावांना खासदार होऊन सहा वर्षं झाली होती. आडनाव एक, घराणी वेगळी. हीना या तोवर राष्ट्रवादीत असलेले मंत्री विजयकुमार गावित यांच्या कन्या. २०१९ ला काँग्रेसने अनुभवी आमदार के. सी. पाडवींना उभं केलं. हीना गावित ६,३९,१३६, पाडवी ५,४३,५०७, फरक ९५,६२९. २०२४ ला त्याच पाडवींचे चिरंजीव, वकील असलेले गोवाल पाडवी, आयुष्यातली पहिली निवडणूक लढले आणि ७,४५,९९८ मतं घेऊन गेले. वडिलांना मिळाली त्याहून २,०२,४९१ अधिक. मतदार यादीत पाच वर्षांत वाढ झाली सुमारे एक लाखाची. म्हणजे नव्याने नोंदलेला प्रत्येक मतदार बाहेर पडला आणि त्याने काँग्रेसलाच मत दिलं असं मानलं, तरी वाढीचा निम्मा हिस्सा उरतोच. तो आला आधी घरी बसणाऱ्यांकडून आणि आधी कमळाचं बटण दाबणाऱ्यांकडून. भाजपची मतं पाच वर्षांत ५२,२५८ ने घटली. उणे ९५ हजारांवरून अधिक १ लाख ५९ हजार. एकूण पलटी २,५४,७४९ मतांची.

कारणं जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक होती. घटना बदलली तर आरक्षणाचं काय होईल, ही भीती आदिवासी पाड्यांपर्यंत पोचली होती. धनगर समाजाच्या अनुसूचित जमातीच्या मागणीवरून अस्वस्थता होती. एकाच घरात सत्तेची पदं एकवटल्याची नाराजी होती आणि महायुतीतल्या मित्रपक्षांचं गावित कुटुंबाशी पटत नव्हतं, हेही लपलेलं नव्हतं. राहुल गांधींच्या भारत जोडो न्याय यात्रेने महाराष्ट्रात पाऊल ठेवलं ते मार्चमध्ये नंदुरबारातूनच. मतदानाच्या तीन दिवस आधी, १० मे ला, पंतप्रधान मोदींची सभा नंदुरबारला झाली. दुसऱ्या दिवशी प्रियांका गांधींची. एका राखीव, टोकाच्या मतदारसंघासाठी देशाचे मोठे नेते चोवीस तासांच्या अंतराने येतात, तेव्हा तो मतदारसंघ टोकाचा राहिलेला नसतो. राज्यात काँग्रेस २०१९ च्या एका जागेवरून १३ वर गेली, भाजप २३ वरून ९ वर आला. महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, पण दोन्ही बाजूंच्या राज्यभरातल्या मतांत एका टक्क्याहूनही कमी फरक होता.

आता या लेखाच्या नावातला आकडा. १,५९,१२० चं मताधिक्य मोडायला किती माणसांनी मन बदलायला हवं होतं? एका बाजूचं मत कमी होऊन दुसऱ्या बाजूला गेलं की फरक दोनाने कमी होतो. म्हणून निम्मे, ७९,५६०, आणि वर एक. हे भागिले २,११५ केंद्रं. उत्तर येतं ३७.६. प्रत्येक मतदान केंद्रावर ३८ माणसांनी दुसरं बटण दाबलं असतं तर निकाल उलटा लागला असता. एका केंद्रावर सरासरी ९३१ नावं आणि ६५८ मतदार असताना ३८. एखाद्या पाड्यावरची पाच-सहा घरं. ज्याला सगळे ‘दणदणीत’ म्हणाले तो विजय बूथच्या पातळीवर इतकाच होता. २०१९ च्या मताधिक्याचं निम्मं २०२४ च्या केंद्रसंख्येने भागलं तर २३ माणसं.

हा आकडा कळला की लाखाच्या मताधिक्यावर गुलाल उधळून निर्धास्त होणाऱ्यांची काळजी वाटते. आणि निर्धास्त होण्यासारखं काहीच नव्हतं, हे साडेपाच महिन्यांत दिसलंही. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, २३ नोव्हेंबरला विधानसभेचा. त्याच सहा जागा, जवळपास तीच यादी, तेच मतदार. काँग्रेसच्या वाट्याला सहापैकी एक जागा आली, नवापूर. शिरीषकुमार नाईक तिथे १,१२१ मतांनी वाचले. आपल्या मोजमापात १८ मिनिटं आणि ४१ सेकंद. त्यांच्या मागे होते अपक्ष शरद गावित, २००९ च्या लोकसभेला दुसरे आलेले तेच. अक्कलकुव्यात के. सी. पाडवी शिवसेनेच्या आमश्या पाडवींकडून २,९०४ मतांनी हरले. मुलगा लोकसभेत पोचला त्याच वर्षी वडिलांची आमदारकी गेली. भाजप सोडून अपक्ष उभ्या राहिलेल्या हीना गावित तिथे तिसऱ्या आल्या. साक्रीत मंजुळा गावित ५,५८४ मतांनी जिंकल्या, शहाद्यात राजेश पाडवी ५३,२०४ मतांनी, नंदुरबारला विजयकुमार गावित ७६,२४७ मतांनी. आणि शिरपूरला काशिराम पावरा १,४५,९४४ मतांनी, जे त्या निवडणुकीतलं राज्यातलं सर्वांत मोठं मताधिक्य ठरलं. जूनमध्ये सहा विधानसभा क्षेत्रांनी मिळून काँग्रेसच्या उमेदवाराला जेवढी आघाडी दिली, जवळपास तेवढी आघाडी नोव्हेंबरात एकट्या शिरपूरने भाजपच्या उमेदवाराला दिली. महायुतीने जिंकलेल्या पाच जागांवरच्या मताधिक्यांची बेरीज २,८३,८८३ होते.

दोन्ही वेळा मत देणारी माणसं तीच होती. दिल्लीला कोण जावं आणि आपल्या गावच्या कामासाठी कोणाचं दार वाजवावं, याचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. आदिवासी मतदार कोणी सांगेल तिकडे एकगठ्ठा वळतो, असं मुंबई-पुण्यातल्या चर्चांमध्ये अजूनही सहज बोललं जातं. २०२४ चे हे दोन निकाल शेजारी ठेवल्यावर ते बोलणं थांबायला हवं.

या सगळ्या प्रमाणाची एक बाजू पैशाची आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या लोकसभा उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख रुपये होती. नंदुरबारच्या यादीने भागलं तर मतदारामागे ४ रुपये ८२ पैसे. तेलंगणातल्या मलकाजगिरीत सुमारे ३७ लाख ८० हजार मतदार होते. तिथे तेवढ्याच मर्यादेत मतदारामागे अडीच रुपये. लक्षद्वीपमध्ये मतदार ५८ हजारांच्या आत आणि मर्यादा ७५ लाख, म्हणजे मतदारामागे १२९ रुपये. एका नंदुरबारात ३४ लक्षद्वीप बसतात, आणि लोकसभेत दोघांचा खासदार एकेकच. लक्षद्वीपसारख्या बेटांना स्वतंत्र आवाज हवा हे मला मान्य आहे. पण १९ लाख ७० हजार मतदार, सहा विधानसभा क्षेत्रं, दोन जिल्हे, डोंगर, दोन नद्या आणि अर्धा डझन बोली एका खासदाराने सांभाळायच्या, हे ओझं कोणाही माणसाला पेलण्याच्या पलीकडचं आहे. लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत. तेव्हा देश ५५ कोटींच्या आत होता. नव्या जनगणनेनंतर पुनर्रचनेचा प्रश्न येईल तेव्हा दक्षिण विरुद्ध उत्तर एवढीच चर्चा होऊ नये. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीच्या माणसाला त्याचा खासदार प्रत्यक्ष भेटू शकतो का, हाही प्रश्न त्या चर्चेत असायला हवा.

तोवर वाचकांना एक काम सांगतो. प्रत्येक निवडणुकीनंतर केंद्रनिहाय मतांचा तक्ता तयार होतो; त्याला ‘नमुना २०’ म्हणतात. तो गुप्त नसतो. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मतदारसंघवार मिळतो. तुमच्या मतदान कार्डावरून आणि यादीवरून तुमचा केंद्र क्रमांक काढा, तक्त्यातली तुमची ओळ शोधा. तुमच्या केंद्रावर किती मतं पडली, पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारात किती फरक होता ते बघा, त्या फरकाला दोनने भागा. पुढच्या वेळी मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला तो आकडा तोंडावर सांगा.